पाहिलं ते पोलिसांना सांगा, ग्रुपवर नको

पत्र

ताई, आम्ही सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला साठ फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. गेल्या पंधरवड्यात एका रात्री दीडच्या सुमाराला तीन दुचाक्यांवरून आठ-नऊ पोरं आली. कोयते नाचवत, शिव्या देत त्यांनी गल्लीत लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या आणि पाच मिनिटांत निघून गेली. अकरा गाड्यांचं नुकसान झालं. माझी झोप हलकी, त्यामुळे मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत उभी होते. त्यातला एक मुलगा आमच्याकडे अनेक वर्षं धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या धाकट्यासारखा वाटला. तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, घरातही नाही.

पण दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी शेजारच्या वस्तीतल्या दोन पोरांचे फोटो 'हेच ते' म्हणून टाकले. त्यात मावशींचा मुलगा आहे. कमिटीने मावशींना गेटवरूनच परत पाठवायला सुरुवात केली. पुरुष मंडळी हॉकी स्टिक घेऊन रात्री गस्त घालतात. आमचे हे चौसष्ट वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू, तरी जातात. चौकीत गेलेल्यांना 'अर्ज द्या' म्हणून सांगितलं आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतली. मी काय करू? तोंड उघडलं तर मावशींच्या घराची धूळधाण होईल. गप्प बसले तर मनाला खातं. आणि त्या पोरांना माझं नाव कळलं तर?

– एक गृहिणी, पुणे

उत्तर

ताई, तुम्ही जबाब द्या. हे आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्याच्या मागून येतं. पण तो पोलिसांकडे द्यायचा. ग्रुपवर नाही, कमिटीच्या मीटिंगमध्ये नाही, आणि खाली बाकावर बसून तर मुळीच नाही.

आणि जबाबात पाहिलं तेवढंच सांगा. तिसऱ्या मजल्यावरून, रात्री दीड वाजता, पळणाऱ्या पोराचा चेहरा ओळखणं फार अवघड असतं. रोजच्या माणसाची चालण्याची ढब, मान कलती ठेवायची सवय आपल्या डोळ्यांत बसलेली असते, आणि अंधारात डोळे नेमकं तेच शोधून काढतात. कधी ते बरोबर निघतं, कधी साफ चूक. म्हणून आज दुपारी घरात कोणी नसताना कागद घ्या आणि आठवेल तसं लिहून काढा. गाड्या कोणत्या बाजूने आल्या, कोणत्या बाजूने गेल्या? कोयता किती जणांच्या हातात होता? कुणाचं नाव घेऊन ओरडत होते का? अशी टोळकी गुपचूप काही करत नाहीत. 'इथले भाई आम्हीच' हे गल्लीला ऐकू जावं म्हणूनच ती आलेली असतात, त्यामुळे ते काय ओरडले हा तपासातला मोठा धागा असतो. शेवटी त्या मुलाबद्दल लिहा. चेहरा दिसला, की पाठ? उजेड कुठून येत होता? त्याच्या हातात काही होतं का, की तो गाडीवर मागे नुसता बसला होता? जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं स्वच्छ लिहा.

हे लिहून झालं की कदाचित तुमचं तुम्हालाच कळेल की 'तो होता' असं शपथेवर सांगता येणार नाही, 'त्याच्यासारखा एक जण होता' एवढंच सांगता येईल. तर तेवढंच सांगा. घाईत असलेला अंमलदार पहिलं वाक्य लिहून मोकळा होऊ शकतो, म्हणून जबाब वाचून दाखवायला सांगा. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. पुढे दाखवायला तुमची सही नसते, म्हणून तर तो लिहिला जात असतानाच नीट ऐकून घ्यायचा.

त्यासाठी तुम्हाला चौकीची पायरी चढायचीही गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी तिच्या राहत्या घराखेरीज कुठेही बोलावता येत नाही. साठीपुढच्या पुरुषांनाही तीच सवलत आहे, म्हणजे तुमच्या यजमानांनाही. पोलिसांनी घरी यायचं. ते साध्या वेशात यावेत अशी विनंती करा, बहुतेक अधिकारी ऐकतात.

भीतीचं म्हणाल तर ती खोटी नाही, आणि 'घाबरू नका' असं इथे बसून म्हणणं मला शोभणार नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. धमकी आली तर त्याच दिवशी तो अर्ज करा. पण खरा आधार माणसांचा असतो. फिर्याद सोसायटीच्या वतीने सेक्रेटरींनी द्यावी, अकराही गाडीमालकांनी आपापले जबाब द्यावेत, आणि आवाज ऐकून खिडकीशी आलेल्यांनीही बोलावं. तुमच्याच गॅलरीत दिवा लागला होता असं थोडंच आहे? वीस जबाबांतला एक तुमचा असेल तर कोण बोललं हे शोधत बसायला कुणाला फारसं कारण राहत नाही. सगळे गप्प आणि एकटी तुम्ही बोललात, तर मात्र तुमच्याकडे बोट जातं. म्हणून पहिलं काम सेक्रेटरींना गाठण्याचं. मुलाचा विषय त्यांच्याकडे काढूच नका. 'मी पाहिलंय आणि मी जबाब देणार आहे, बाकीच्यांनाही तयार करा' एवढंच सांगा.

आता एनसीचं. इथे तुमच्या लोकांची गल्लत झालेली दिसते. 'गाडीची काच फुटली' एवढाच अर्ज दिला तर नुसत्या नुकसानीची तक्रार बऱ्याचदा अदखलपात्र ठरते, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. कागद फायलीत पडून राहतो. पण तुमच्या गल्लीत नुसती काच फुटलेली नाही. टोळकं कोयते घेऊन आलं, लोकांना दहशत बसेल असं वागलं, आणि अकरा गाड्या फोडल्या. पुण्यात अशा घटनांत शस्त्र अधिनियम, क्रिमिनल लॉ अमेंडमेंट अॅक्ट आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं शस्त्रबंदीचं कलम लावून गुन्हे नोंदवले जातात. त्यामुळे फिर्यादीत कोयते, पोरांची संख्या, ते काय ओरडले आणि सगळ्या गाड्यांचं मिळून नुकसान किती, हे सगळं यायला हवं. गॅरेजवाल्याकडून प्रत्येकाने खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. नुकसान लाखावर गेलं तर न्याय संहितेचं कलम ३२४ जास्त कडक होतं.

ही फिर्याद चौकीत नाही, पोलीस ठाण्यात जाऊन वरिष्ठ निरीक्षकांसमोर द्या. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. गाडीच्या विम्यासाठीही ती लागेल (ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे त्यांना काही मिळणार नाही, हेही आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर भांडणं नकोत). ठाण्यातही दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे उपायुक्तांकडे लेखी तक्रार करायची आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायालयात जायचं. बहुतेक वेळा तिथवर जायची वेळ येत नाही. पाच-सहा घरची माणसं हातात कागद घेऊन शांतपणे ठाण्यात उभी राहिली की फरक पडतो.

पोलिसांना विचारायचा आपला हक्क आपण फार लवकर सोडून देतो. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं ते रस्त्यावरच्या तरुणांनी. जवळच्या पेरूगेट चौकीत तेव्हा पोलीस हजर नव्हते. लोकांनी जाब विचारला म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तुमच्या भागातला बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा पोलीस, कोण, तो रात्री किती वाजता कुठून फिरतो, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. त्याचा नंबर सोसायटीतल्या प्रत्येक घरात असायला हवा.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतलं) रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पंधरवडा उलटलाय, तेव्हा हे आजच्या आज. त्या रात्रीचा तुकडा पेन ड्राइव्हवर घ्या, मूळ डीव्हीआरला हात लावू नका, आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे ते लिहून ठेवा. न्यायालयात त्याच्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तपास अधिकारी सांगतील.

आता त्या फोटोंकडे येते. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त भीती त्यांची वाटली, कोयत्यांपेक्षाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षेकरी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज गावोगाव फिरत होते, तेवढ्यावर. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर तसेच गेले. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतल्या कुणालाही आपण कुणाच्या मरणाला हातभार लावतोय असं वाटलं नसणार. तुमच्या सोसायटीत रोज रात्री हॉकी स्टिक घेतलेली माणसं खाली उभी असतात आणि प्रत्येकाच्या खिशात त्या दोन पोरांचे फोटो आहेत. त्यातलं एखादं पोरगं रात्री अकराला मेडिकलमधून आजीच्या गोळ्या घेऊन येताना यांना भेटलं, तर काय होईल? याचा विचार तुमच्या चेअरमननी करायला हवा.

कायदाही स्पष्ट आहे. गुन्ह्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हा मुलगा तर अजून सापडलेलाही नाही. फोटो टाकणाऱ्याला वेगळा फोन करून हे सांगा, फोटो काढून टाकायला लावा. ग्रुपवर वाद घालू नका, तिथे कुणीच माघार घेत नाही.

गस्तीला माझा विरोध नाही. पुष्कळ गल्ल्यांत गस्तीने घरफोड्या थांबल्या आहेत. पण हॉकी स्टिक घरी ठेवायच्या. समोर कोयता असेल तर स्टिक उपयोगाची नाही, आणि समोर निरपराध पोरगं असेल तर ती हातात असणंच वाईट. टॉर्च, शिट्टी, दोघा-दोघांनी फिरायचं, काही दिसलं तर ११२ लावायचा आणि शिट्टी वाजवून दिवे लावायला लावायचे, बस. डोळ्यांदेखत दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिकाला पकडता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, आणि मारहाण करायचा अधिकार त्यात कुठेही नाही. तुमच्या यजमानांना चौसष्टाव्या वर्षी बीपी घेऊन खाली उभं राहायची गरज नाही. ते खाली गल्लीत नकोत, घरातल्या फोनवर हवेत. गस्तीवाल्यांनी त्यांना फोन करायचा आणि त्यांनी ११२ ला. त्यांचा मानही राहतो आणि हे काम कुणीतरी करायलाच हवं असतं. वॉचमनवरही राग काढू देऊ नका. बारा तासांची पाळी करणारा एकटा माणूस आठ कोयत्यांपुढे केबिनमध्ये बसून राहिला, तर त्याने शहाणपणाच केला.

गेट बंद करून काय साधतं? २०१५ च्या जूनमध्ये याच सिंहगड रस्त्यावर एका रात्रीत अनेक सोसायट्यांमधल्या दुचाक्या पेटवल्या गेल्या. पार्किंगमध्ये उभ्या होत्या त्या. मावशींना गेटवर अडवून तुमच्या कमिटीने एका बाईचा रोजगार बंद केला, आणि वस्तीतून तुमच्याकडे येणारी खबर बंद केली. टोळक्यात कोण होतं हे वस्तीतल्या बायकांना तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांच्याही रिक्षा फुटतात, त्यांच्याही मुली संध्याकाळी क्लासला जायला घाबरतात. ही पोरं गाड्या कुणावर राग म्हणून फोडत नाहीत. दुसऱ्या टोळीला आपला दरारा दाखवायचा असतो, रील करायचं असतं, आणि कुणातरी थोराड 'भाई'ला पुढे अल्पवयीन पोरंच हवी असतात, कारण ती लवकर सुटतात. त्याला तडीपार करता येतं, दोन वर्षांपर्यंत. पण त्याचं नाव पोलिसांपर्यंत वस्तीतूनच जाईल.

भिवंडीत हे करून दाखवलेलं आहे. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीने होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस एकत्र बसत, नळावरच्या भांडणापासून सगळं तिथे निघे. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तुमच्या गल्लीचा प्रश्न त्याच्या मानाने लहान आहे. तुमच्या सोसायटीची चार माणसं, वस्तीतली चार, त्यात निम्म्या तरी बायका, आणि बीटचा हवालदार, महिन्यातून एकदा अंगणवाडीत बसले तरी पुष्कळ. पहिल्या बैठकीत बंद पडलेल्या पथदिव्यांपासून सुरुवात करा, त्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

राहिल्या मावशी. त्यांना तुम्ही स्वतः भेटा. घरी बोलवा, किंवा त्यांच्याकडे जा, चहा घ्या. तुम्ही काय पाहिलं ते त्यांना सांगू नका. जबाब होईपर्यंत ते कुणालाच सांगायचं नाही, आणि त्यांनाही अवघड जागी टाकायचं नाही. पण फोटो फिरतोय हे त्यांना कळलेलं असणारच. 'मावशी, पोरगं हल्ली कुणाबरोबर असतं?' एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. त्या रडतील, किंवा चिडतील, 'माझं लेकरू तसं नाही' म्हणतील. म्हणू द्या. तुमच्याकडे इतकी वर्षं वावरलेल्या बाईला निदान एका घरात तरी खालमानेने उभं राहावं लागू नये.

आणि एक गोष्ट त्यांना नक्की सांगा, मुलगा त्यात असो वा नसो. पोलीस विचारायला आले तर त्याला लपवायचं नाही, मामाकडे पाठवायचं नाही. पळालेल्या पोराला भाईशिवाय कुणी उरत नाही. अल्पवयीन मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, तिथे आईला त्याच्या बाजूला बसता येतं. वकील मोफत मिळतो. स्त्रिया आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे, तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात द्या. तोडफोडीसारख्या गुन्ह्यात सोळा-सतराच्या मुलाला मोठ्या माणसासारखा खटला सोसावा लागत नाही. मंडळ समुपदेशन देतं, समाजसेवा करायला लावतं, परिवीक्षा अधिकारी घरी येऊन चौकशी करतो. तुमच्या जबाबाने त्या घराची धूळधाण होईल असं तुम्हाला वाटतंय. पण ते पोरगं खरंच त्यात असेल, तर कोयता नुसता काचेवर पडला आहे तेवढ्यातच त्याला कुणीतरी थांबवलेलं बरं.

कमिटीने मावशींना गेटवर पुन्हा अडवलं तर खाली उतरा आणि 'या माझ्याकडे येतायत' म्हणून त्यांना सोबत वर घेऊन या. सेक्रेटरींना फोन मात्र आजच करा, डीव्हीआरसाठी.